दहा टायर बदलायला २,२८,००० सांगतायत, काय करावं?

उजनीकाठ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गाडी दहा टायरी, साडेअठ्ठावीस टन पासिंग, वडिलांच्या नावावर, एकुलती एक. आमच्या टेंभुर्णी भागातल्या कारखान्यांची साखर उरणच्या बंदरात टाकायची, येताना खत, सिमेंट, जे मिळेल ते भरायचं. वर्षाला साठ-पासष्ट हजार किलोमीटर होतात. आजवर सगळं वडील बघायचे. दिवाळीपासून त्यांचे गुडघे गेले आणि वही माझ्याकडे आली. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे टायरातलं मला किती कळतं ते तुम्हीच ओळखा.

टायर १०.०० आर २०, ट्यूबवाले रेडियल. सव्वा वर्षापूर्वी दहाच्या दहा नवे टाकले होते, ८० हजार किलोमीटर झालेत. गेल्या आठवड्यात बोरघाट उतरताना मागच्या डाव्या बाजूच्या जोडीतला आतला टायर फुटला. मडगार्ड फाटलं, हवेचा एक पाइपही तुटला. रात्री दीडला ड्रायव्हरने हायवेवरून ९,००० ला एक जुना टायर घेऊन टाकला.

पुढच्या महिन्यात आरटीओचं पासिंग आहे. दुकानदाराने गाडी बघितली, म्हणाला, "एकेक बदलत बसलात तर कायम माझ्याच दारात दिसाल, एकदम दहा टाका." टायर, ट्यूब, फ्लॅप धरून जोड २२,८०० चा, म्हणजे २,२८,०००. सहा महिने उधारी द्यायला तयार आहे, व्याज वेगळं. वडील म्हणतात रिमोल्ड कर, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढव. ड्रायव्हर म्हणतो रिमोल्ड केलेत तर मी घाटात जाणार नाही. इन्शुरन्समधून काही निघेल का? मार्ग सुचवा.

टॉपगियर | सोमवार, रात्री १०:४०

नवे टाका, विषय संपला. रिमोल्ड म्हणजे फाटक्या चपलेला नवा तळवा. हायवेवर रबराच्या लांबच लांब पट्ट्या पडलेल्या दिसतात ना, त्या कुणाच्या असतात? परदेशात असले प्रकार चालत नाहीत. जिवापेक्षा पैसा मोठा नाही.

खतावणी | सोमवार, रात्री ११:०५

उजनीकाठ दादा, आमच्या दोन गाड्या आहेत, नगर–सुरत. हिशेब मी ठेवते. जोड केवढ्याला पडला ते सोडा, किलोमीटरला किती पडला ते मांडा.

नवा २२,८०० चा आणि ९० हजार चालला असं धरा, म्हणजे किलोमीटरला २५ पैसे. रिमोल्ड ६,५०० चा आणि ५० हजार चालला तर १३ पैसे. दहा टायरांचे नव्याचे अडीच रुपये झाले. तुमची गाडी चारचा अ‍ॅव्हरेज देत असेल तर डिझेलचे साडेबावीस जातात, त्यामानाने अडीच काहीच नाही असं वाटतं. पण डिझेल रोज थोडं थोडं जातं. टायर दीड वर्ष गप्प बसतो आणि एका दिवशी सव्वादोन लाख मागतो. म्हणून आम्ही किलोमीटरमागे अडीच रुपये बाजूला काढतो, भाडं जमा झालं की त्याच दिवशी.

दुसरं, टायरचे नंबर वहीत लिहिलेत का? प्रत्येकाच्या कुशीवर असतो. शिवाय आम्ही तापवलेल्या लोखंडाने आमचा नंबर मारून घेतो. एकदा आमचे दोन नवे टायर सुरतेला गेले आणि परत आले ते दुसरेच, त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे, फक्त अर्धे झिजलेले. वहीत नंबर नसता तर मला कळलंही नसतं.

रातपाळी | मंगळवार, पहाटे ४:२०

मी ड्रायव्हर, सतरा वर्षं स्टिअरिंगवर. मालक, एक विचारू? ड्रायव्हरने रात्री दीडला ९,००० चा टायर का घेतला? स्टेपनी कुठं होती? मी सांगतो कुठं होती. चेसीला लटकत होती, नक्षी झिजून गोटा झालेली आणि हवा नसलेली. नव्वद टक्के गाड्यांची हीच तऱ्हा. जॅक गळका, पाना दुसऱ्याच गाडीचा, स्टेपनी फक्त आरटीओला दाखवायला. आणि मग म्हणायचं ड्रायव्हरने पैसे खाल्ले.

रिमोल्डला तो नाही का म्हणतो तेही सांगतो. पुढं रिमोल्ड टाकाल तर मीही चढणार नाही. पुढचा फुटला की स्टिअरिंग हातातून जातं, दोन सेकंदांचा खेळ. मागे चालतो, मी चालवलाय.

उजनीकाठ | मंगळवार, सकाळी ९:१५

रातपाळी भाऊ, लाजवलंत. आत्ताच फोन केला. स्टेपनी गोटाच होती. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्या वडिलांना दोनदा सांगितलं होतं.

केसिंगवाला | मंगळवार, सकाळी ११:३०

मी कोल्हापुरात रिमोल्डच्या कारखान्यात आहे, तेव्हा माझं म्हणणं थोडं हातचं राखून वाचा.

टॉपगियर साहेब, रस्त्यावरच्या पट्ट्या रिमोल्डच्याही असतात आणि नव्या टायरच्याही. पट्टी सुटते ती उष्णतेने. हवा कमी असली की टायरची कूस प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि उघडते, आतलं रबर तापतं, तारेला धरून ठेवणारी पकड सुटते. नव्या टायरलाही हीच शिक्षा.

आमच्याकडे टायर आला की आधी आत दिवा टाकून बघतो. आतल्या भिंतीला गोल काळपट पट्टा किंवा सुरकुती दिसली, म्हणजे टायर हवेशिवाय पळालाय. तो केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, बाद. मालक कितीही म्हणो "चालतंय की", चालत नाही. पास झाला तर वरचं उरलेलं रबर घासून काढतो, जखमा कोरून भरतो, मग तयार नक्षीचा पट्टा गुंडाळून चेंबरमध्ये शिजवतो. हा कोल्ड प्रकार, साधारण १००-११० अंशांवर काही तास. हॉटमध्ये कच्चं रबर साच्यात दीडशेच्या आसपास शिजतं, केसिंगला ताप जास्त. रेडियलला कोल्डच करा.

पण केसिंग वाचवायचा तर टायर वेळेवर उतरवा. ३ मिमी नक्षी उरली की काढा. लोक तार दिसेपर्यंत पळवतात आणि मग आमच्याकडे येतात, तेव्हा चढवायला खाली काही राहिलेलं नसतं.

तुमचे दहा एकदम बाद असतील यावर माझा विश्वास नाही. एकेक मोजा. नक्षीची खोली मोजायचं गेज दोन-तीनशेला मिळतं. आणि आतले आणि बाहेरचे वेगवेगळे लिहा.

कररेषा | मंगळवार, दुपारी १:५०

भावाचं बघा आधी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. लोक समजतात भाव दहा टक्के उतरला पाहिजे. तसं नाही. १२८ ची वस्तू ११८ ला आली, म्हणजे पावणेआठ टक्के. जुन्या दराच्या यादीवरून कोटेशन दिलंय का ते विचारा आणि पक्कं बिल मागा. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर पूर्ण तुमच्या खिशातून जातो, क्रेडिट नाही. ५ टक्क्यांचा मार्ग घेतलेल्या ट्रान्सपोर्टवाल्यालाही नाही. कच्च्या बिलाने वाचवले असं वाटतं, पण मग वॉरंटीचा दावा कशावर करणार?

इन्शुरन्स: नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या बदलीच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत, तेही पॉलिसीत आयएमटी २३ हे कलम घेतलेलं असेल तर. ट्रकच्या साध्या पॉलिसीत टायर, मडगार्ड, दिवे, बंपर हे त्या कलमाशिवाय धरत नाहीत. पॉलिसी काढून आकडा शोधा.

बाभूळबन | मंगळवार, दुपारी २:३०

टायर कंपन्या सगळ्या मिळून भाव ठरवतात, आपण इथं पैसे-पैसे मोजत बसायचं.

कररेषा | मंगळवार, दुपारी ३:०५

बाभूळबन, तसा आरोप खरोखर झाला होता, तोही याच धंद्यात, बदलीच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या ट्रक-बसच्या नायलॉन टायरवर. स्पर्धा आयोगाने पाच कंपन्यांना मिळून १,७८८ कोटींच्या वर दंड ठोठावला, आदेश बाहेर आला फेब्रुवारी २०२२ मध्ये. पण अपिलात डिसेंबर २०२२ ला प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा आयोगाकडे गेलं. त्याची वाट बघत उजनीकाठांनी पासिंग थांबवायचं का?

संत्रानगरी | मंगळवार, दुपारी ४:२५

आमच्याकडे समृद्धीवर उन्हाळ्यात बघा. ७०१ किलोमीटर सिमेंट, वरून ऊन, खालून भट्टी. जड गाड्यांना ८० ची मर्यादा आहे, पण पाळतं कोण? मधे आरटीओने प्रवेशावरच टायर तपासायला सुरुवात केली होती, गोटा दिसला की गाडी परत. तिथं बरेच जण नायट्रोजन भरायचा सल्ला देतात.

रातपाळी | मंगळवार, सायंकाळी ६:१०

साध्या हवेतबी अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतोय म्हणं. उरलेल्या बावीस टक्क्यांचे पैसे कोण देणार? हवा बघायची सवय ठेवा, कुठली का असंना.

उजनीकाठ | बुधवार, रात्री ८:४०

गेज आणलं. दुपारी गाडी दारात होती, तासभर खाली बसलो. आकडे:

पुढचे दोन्ही: आतल्या कडेला ६ मिमी, बाहेरच्या कडेला २. एका बाजूने खाल्लेत.
मागचे बाहेरचे चार (हौसिंगचे, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या धुऱ्याचे दोन, डमीचे, म्हणजे नुसतं ओझं घेणाऱ्या धुऱ्याचे दोन): सगळे ६ च्या आसपास, झीज सारखी.
मागचे आतले: हौसिंग उजवा ३. डमी उजवा ३. डमी डावा २, लाटा पडल्यासारखा, हात फिरवला तर उंच-सखल लागतो. हौसिंग डावा म्हणजे तो ९,००० वाला.

त्या ९,००० वाल्याची नक्षी गेजने ७ दाखवते, सगळ्यांत जास्त. मी खूश झालो. वडील काठी टेकत आले, नखाने खाचेत खरवडलं, बोट काळं झालं. म्हणाले, "पॉलिश आहे." मग टॉर्च मारला तर खाचेच्या तळाशी तारेचे धागे चमकत होते. गोटा टायरवर गरम पात्याने खाचा कोरून विकलाय.

आणखी एक. वडिलांनी टॉमी (लोखंडी कांब) मागितली आणि एकेका टायरवर मारत गेले. बाहेरच्यांचा आवाज टणटणीत. डमी डाव्याच्या आतल्यावर मारली तर भिजल्या पोत्यावर मारल्यासारखा 'धप्'. हवा मोजायला गेलो तर गेज वॉल्व्हपर्यंत पोचेना, डिस्कच्या भोकात हातच जात नाही. शेवटी मोजली: ६०. असायला हवी ११०.

हवाभरणी | बुधवार, रात्री ९:३०

मी पंक्चरवाला, आडनावाने नाही, धंद्याने. तुमचा रोग सापडला. आतल्या टायरच्या वॉल्व्हला एक लांब नळी असते, एक्स्टेन्शन. ती असली की बाहेर उभं राहून हवा भरता येते. ती तुटली की आतल्याला कुणी हात लावत नाही. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा, तो खाली शिरायचा. आता एकटा ड्रायव्हर असतो, तो बाहेरच्या चारांत भरतो आणि म्हणतो, झालं. तुमचे बाहेरचे सारखे झिजलेत आणि आतले खराब झालेत, कारण हेच. कमी हवेचा टायर बुटका होतो, जोडीदाराबरोबर फिरताना घासटत जातो आणि सगळा भार बाहेरच्यावर. कंपनी, रबर, ड्रायव्हर, कुणालाच बोल लावू नका. पन्नास-शंभर रुपयांची नळी आहे ती.

एक हात जोडून सांगतो. हे ट्यूबवाले टायर रिंगचे असतात. हवा भरताना टायर चाकावर अडकवून ठेवणारी लॉक रिंग नीट बसली नसेल तर ती तोफेसारखी उडते. आमच्या उस्तादांच्या कपाळावर चार बोटांची खूण आहे, ते वाचले एवढंच. पिंजऱ्यात नाहीतर साखळी बांधून हवा भरणाऱ्याकडेच जा, आणि भरताना समोर उभं राहू नका. फोटो काढायला तर मुळीच नाही.

टॉपगियर | बुधवार, रात्री १०:००

ठीक आहे, हवेचं मान्य. पण माझं मत कायम. कायद्याने रिमोल्ड चालतं तरी का?

केसिंगवाला | बुधवार, रात्री १०:२५

चालतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ९४ बघा. ट्रकला नक्षी १.६ मिमीच्या खाली नको, टायरवर त्यासाठी खुणेचा उंचवटा असतो. तार उघडी, फुगा, चीर नको. उजनीकाठ, तो कोरलेला टायर गेजने ७ दाखवत असला तरी तार दिसतेय म्हणून नापास. आजच उतरवा, उद्या नको.

टेक्ससवारी | गुरुवार, सकाळी ७:५०

मी अमेरिकेत एका ट्रक कंपनीच्या डिस्पॅचला आहे. 'परदेशात चालत नाही' हे वाचून लिहितोय. इथं ट्रेलरखाली सर्रास रिमोल्ड असतात. केंद्राच्या नियमात बंदी आहे ती बसच्या पुढच्या चाकांना. बाकी फरक एवढाच की पुढच्या टायरला किमान नक्षी ३.२ मिमी लागते आणि मागच्यांना १.६. आपल्याकडे पुढच्या-मागच्यांना एकच माप आहे, ते मला खटकतं.

संपादक_मंडळ | गुरुवार, सकाळी १०:००

मधले अकरा प्रतिसाद (कोणत्या पक्षाच्या काळात टायर स्वस्त होते) वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथं टायरवरच बोला.

खतावणी | गुरुवार, सकाळी १०:४५

दादा, मग मांडा असं. पुढं दोन नवे, त्यावर तडजोड नाही. पुढचे उतरलेले दोन आणि आतले ३ मिमीवाले दोन, चार केसिंग झाले. स्टेपनीचा केसिंग धड असेल तर पाचवा. बाहेरचे चार अजून ६ मिमी आहेत, त्यांना आत्ता हात कशाला? ते दिवाळीपर्यंत जातील, मग रिमोल्डला.

फक्त जुने आणि रिमोल्ड एका जोडीत मिसळू नका. शेजारी-शेजारी दोन वेगळ्या उंचीचे टायर बसले की पुन्हा तेच, एक उचलणार आणि दुसरा घासटणार. चार रिमोल्ड हौसिंगला, चार जुने डमीला.

केसिंगवाला | गुरुवार, सकाळी ११:२०

ताईंना १०० मार्क. हौसिंगला लग (जाड आडव्या ठोकळ्यांची) नक्षी घ्या, घाटात पकड राहते. आणि पुढचे नवे टाकण्याआधी एका बाजूने का खाल्ले ते बघा. नुसती अलाइनमेंट करू नका, किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) हलवून बघा. किंगपिन ढिला असेल तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात आणि नवे टायरही त्याच वाटेने. नवे घेताना कुशीवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१२५ म्हणजे २०२५ चा एकतिसावा आठवडा.

उजनीकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ९:५०

उशिरा कळवतोय, गाडी तीन दिवस उभी होती.

किंगपिन ढिलेच होते, दोन्ही बाजूंचे. डमी डाव्याचा आतला कारखान्यात बाद झाला. त्यांनी बोलावून दाखवला, आत दिव्याच्या उजेडात हाताच्या रुंदीचा काळा पट्टा, केसिंगवाला म्हणाले होते तस्साच. स्टेपनीचा केसिंग मात्र पास झाला.

कोटेशनचं विचारलं तेव्हा दुकानदार आधी हसला, मग यादी बदलली. जोड २१,९०० ला आला, पक्क्या बिलात.

नवे दोन: ४३,८००
रिमोल्ड पाच, ६,६०० प्रमाणे: ३३,०००
किंगपिन, बुश, मजुरीसह: ७,५००
अलाइनमेंट: १,८००
एक्स्टेन्शन नळ्या, वॉल्व्ह, किरकोळ: ९००
एकूण ८७,०००.

उधारी घेतली नाही. पॉलिसी काढून बघितली. आयएमटी २३ नाही. यंदाच्या नूतनीकरणात घेणार.

ड्रायव्हरला रिमोल्ड मागेच टाकलेत हे दाखवलं. तो काही बोलला नाही, आधी जाऊन स्टेपनीवर टॉमी मारली. टण् वाजली तेव्हा किल्ली मागितली.

रातपाळी | पुढचा मंगळवार, रात्री ११:३०

बरोबर केलं गड्यानं. जॅकचं काय?

उजनीकाठ | बुधवार, सकाळी ८:०५

जॅक गळतोय. आज टाकतो दुरुस्तीला.

खतावणी | बुधवार, सकाळी ९:१०

आणि नंबर?

उजनीकाठ | बुधवार, सकाळी ९:३०

लिहिले ताई. अकरा टायर, अकरा ओळी, कुठला कुठं बसवला, त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग आणि नक्षी किती. मागची पानं उलटताना वडिलांच्या अक्षरात एक ओळ सापडली, सहा महिन्यांपूर्वीची: "डमी डावा आतला, नळी तुटली, टाकणे." पुढे टिक नव्हती. काल मी केली.